ट्रेंपलो कौंटीची स्थापना : शिरगणतीचा इतिहास आणि नावांचा इतिहास

१

एखाद्या लहान प्रदेशाचा इतिहास लिहिणे हे मोठ्या इतिहासाच्या मानाने सोपे काम आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा इतिहास म्हणजे गॅझेटियरमधील माहिती, दोनचार सनदा, काही आख्यायिका आणि थोर पुरुषांची चरित्रे यांची जुळवणी, अशी या समजाची सर्वसाधारण रूपरेषा आहे. हा समज मुळातून हलविणारे जे थोडे ग्रंथ विसाव्या शतकात झाले, त्यांत मर्ल कर्टी यांच्या 'द मेकिंग ऑफ ॲन अमेरिकन कम्युनिटी' या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ट्रेंपलो नावाच्या एका ग्रामीण कौंटीची स्थापना आणि तिचा आरंभीचा काळ हा त्याचा विषय. ग्रंथाला साठांहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्याची पद्धती आज इतकी सर्वमान्य झाली आहे की, ती कोणत्या गृहीतकांवर उभी आहे हे तपासण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. प्रस्तुत लेखात ती तपासणी भाषाभ्यासाच्या बाजूने करावयाची आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. संख्येवर विसंबणारा इतिहास नीरस असतो किंवा त्यात माणूस हरवतो, अशी जी तक्रार साहित्याच्या अभ्यासकांकडून वारंवार होते, ती येथे करावयाची नाही. ती तक्रार बहुधा आळसातून येते. आक्षेप अधिक मर्यादित आहे, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर ठरण्याचा संभव आहे. तो असा की, शिरगणतीतील प्रत्येक आकडा हा प्रथम एक शब्द होता. कोणीतरी आपले नाव सांगितले, कोणीतरी ते ऐकले, आणि ऐकणाऱ्याने ते आपल्या भाषेच्या लिपीत व वळणात लिहून घेतले. या व्यवहारात जे घडले ते आकड्यांच्या बेरजेत दिसत नाही. परंतु बेरीज मात्र त्यावरच अवलंबून असते.

२

कर्टी यांच्या ग्रंथाची पार्श्वभूमी प्रथम पाहिली पाहिजे. १८९३ मध्ये शिकागो येथे फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या विस्कॉन्सिनच्याच तरुण इतिहासकाराने अमेरिकन इतिहासातील सीमान्त प्रदेशाच्या महत्त्वावर एक निबंध वाचला. १८९० च्या शिरगणतीच्या अधिकाऱ्यांनी, वसलेल्या व न वसलेल्या भूमीमधील सलग सीमारेषा आता दाखविता येत नाही, असे नमूद केले होते. त्या विधानापासून टर्नर यांनी आरंभ केला. मोकळ्या जमिनीची उपलब्धता, तिचे सतत मागे सरकणे आणि वसाहतीचे पश्चिमेकडे पुढे जाणे यांतून अमेरिकन लोकशाही घडली. युरोपातून आलेला माणूस सीमान्तावर नवा झाला, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. या सिद्धान्ताने अमेरिकन इतिहासलेखनावर दोन पिढ्या राज्य केले. पुढे त्यावर चहूकडून टीका झाली. टीकाकारांचे म्हणणे असे की, विधान भव्य आहे, पण त्याला पुरावा कोठे आहे?

कर्टी यांनी हा वाद मैदानातून उचलून एका शेताच्या बांधावर आणला. एक कौंटी निवडायची, तिच्या पहिल्या तीन दशकांतील प्रत्येक कुटुंबाची नोंद शिरगणतीच्या मूळ हस्तलिखित पत्रकांतून गोळा करायची, कोणाजवळ किती जमीन होती, कोण कोठून आला, कोण टिकला, कोण निघून गेला, कोण पंच झाला, याचे कोष्टक मांडायचे, आणि मग टर्नर यांचे म्हणणे खरे ठरते का ते पाहायचे, असा हा बेत. या कामात त्यांना तरुण संशोधकांचे साहाय्य होते. त्यांच्या पत्नी मार्गारेट कर्टी या मानसशास्त्रज्ञ होत्या. संख्याशास्त्रीय बाजू सांभाळण्यात त्यांचाही वाटा होता. निष्कर्ष स्थूलमानाने टर्नर यांना अनुकूल निघाला. संधी वाढल्या, परदेशातून आलेले लोक मागून आले तरी क्रमाने वर चढले, आणि सार्वजनिक कारभारात सामान्य शेतकऱ्याला प्रवेश मिळाला, असे कर्टी यांना आढळले.

या कार्याचे मोल किती, हे समजण्यासाठी त्यापूर्वीचा कौंटी-इतिहास कसा असे ते ध्यानात घ्यावे. ट्रेंपलोचाच एक इतिहास १९१७ मध्ये फ्रँक्लिन कर्टिस-वेज यांनी संकलित केला होता. त्या काळी वर्गणीदारांच्या बळावर असे ग्रंथ निघत. त्यांत आद्य वसाहतकारांची गौरवपर चरित्रे असत, आणि ज्याचे नाव ग्रंथात नाही तो जणू त्या भूमीवर राहिलाच नाही, असा भास होई. कर्टी यांनी भूमिहीन मजुराला, दोन वर्षांत शेत विकून पुढे गेलेल्या कुळाला, सही करू न शकणाऱ्या विधवेला कोष्टकाच्या एकेका ओळीत का होईना, जागा दिली. ज्यांनी मागे पत्रे, दैनंदिनी वा स्मारके ठेवली नाहीत त्यांच्या बाजूने बोलण्याचे सामर्थ्य संख्येत आहे, हे त्यांनी सिद्ध केले. हे श्रेय त्यांच्यापासून हिरावून घेता येणार नाही.

३

आता कौंटीच्या स्थापनेकडे वळू. विस्कॉन्सिन १८४८ मध्ये राज्य झाले. मिसिसिपी नदीच्या पूर्व तीरावर, हिमयुगातील बर्फाच्या थरांनी न झाकलेला असा डोंगरदऱ्यांचा एक टापू त्याच्या पश्चिम भागात आहे. ट्रेंपलो कौंटी या टापूत आहे. १८४० च्या सुमारास जेम्स रीड नावाचा एक शिकारी व व्यापारी नदीकाठी राहू लागला, आणि त्याच्याभोवती लहानशी वस्ती झाली. तथापि कौंटीची स्थापना या वस्तीतून सावकाश उगवली नाही. ती एका मनुष्याच्या योजनेतून झाली. व्हरमाँटमध्ये जन्मलेले जॉर्ज गेल हे वकील, पुढे न्यायाधीश. त्यांनी १८५३ मध्ये येथे सुमारे दोन हजार एकर जमीन विकत घेतली. १८५४ च्या जानेवारीत विधिमंडळाकडून नवी कौंटी स्थापण्याचा कायदा त्यांनी मंजूर करून घेतला. आपल्या जमिनीवर आखलेले गेल्सव्हिल हे गाव तिचे मुख्य ठाणे ठरविले, आणि तेथेच विद्यापीठ काढण्याची सनदही मिळविली. गाव, कौंटी आणि विद्यापीठ ही तिन्ही एकाच वर्षी आणि बहुतांशी कागदावर जन्माला आली.

सीमान्तावर लोकशाही आपोआप उगवते, असे मानणाऱ्या सिद्धान्तासमोर ही घटना ठेवून पाहावी. येथे आधी कायद्याचे शब्द आले, मग कौंटी आली, आणि मग माणसे आली. १८६० मध्ये कौंटीची लोकसंख्या २,५६० होती. १८७० मध्ये ती १०,७३२ झाली आणि १८८० मध्ये १७,१८९. अर्थात् संस्था ही लोकवस्तीचे फलित नव्हती. ती लोकवस्तीला दिलेले आमंत्रण होती. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर 'येथे कौंटी आहे' हे विधान उच्चारले जाण्यापूर्वी 'येथे कौंटी असो' ही आज्ञा उच्चारली गेली.

पुढील घडामोडीही याच प्रकारच्या आहेत. १८७३ मध्ये ट्रेंपलो नदीच्या खोऱ्यातून लोहमार्ग गेला. तो गेल्सव्हिलवरून गेला नाही. १८७६ मध्ये मुख्य ठाणे आर्केडियाला हलले आणि पुढच्याच वर्षी व्हाइटहॉलला, जेथे ते आजतागायत आहे. ज्या गावाला मोठे करण्यासाठी कौंटी निर्माण झाली, त्या गावाकडून कौंटीनेच आपले आसन काढून घेतले. गेल तोपर्यंत निवर्तले होते. या स्थलांतरांत मतदानाचा भाग होता; पण लोकशाहीच्या विकासाचा इतिहास सांगताना रुळांची दिशा, जमिनीच्या किमती आणि गावागावांतील ईर्ष्या यांचा हिशेब बरोबरीने मांडला नाही, तर मतदान हे कारण होते की परिणाम, याचा निवाडा लागणार नाही.

४

यापुढील प्रश्न कौंटीच्या नावाचा आहे. नाव हा इतिहासाचा केवळ अलंकार आहे, असे समजणाऱ्यांना तो गौण वाटेल. ट्रेंपलो हे नाव मूळचे एका टेकडीचे. मिसिसिपीच्या पात्रालगत, पाण्याने वेढलेली ही टेकडी उभी आहे. फ्रेंच प्रवाशांनी तिला 'ला मोंतान्य की त्राँप आ लो' म्हटले. म्हणजे 'पाण्यात भिजणारा डोंगर'. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी या लांबलचक पदबंधातील नाम गळाले आणि संबंधी सर्वनामही गळाले. उरले ते क्रियापद आणि त्याला जोडलेले अधिकरण : 'त्राँप आ लो', 'पाण्यात भिजते'. त्याचाच 'ट्रेंपलो' झाला. आपल्याकडील एखाद्या तालुक्याचे नाव 'बुडते पाण्यात' असे पडावे आणि काय बुडते हे कोणालाच आठवू नये, तसा हा प्रकार आहे. डोंगर नावातून गेला, आणि जिच्या बहुतेक भागातून तो डोंगर दिसतही नाही अशा सबंध कौंटीला क्रियापद तेवढे चिकटले.

परंतु फ्रेंच हा या नावाचा तळ नव्हे. हो-चंक लोकांच्या भाषेतही या टेकडीचे नाव तिच्या पाण्यात असण्यावरूनच पडलेले आहे. त्या भाषेत 'खे' म्हणजे डोंगर आणि 'नी' म्हणजे पाणी. इंग्रजी नोंदींत विकृत रूपाने उतरलेल्या नावात ही दोन्ही पदे ओळखू येतात. फ्रेंच नाव हे त्याचे भाषांतर असण्याचा संभव मोठा आहे. म्हणजे कौंटीच्या नावाचा अर्थ हो-चंकांचा, शब्द फ्रेंचांचे, उच्चार इंग्रजीचा आणि कायद्याने त्यावर केलेले शिक्कामोर्तब १८५४ चे. निकोला पेरो या फ्रेंच व्यापाऱ्याने १६८५–८६ चा हिवाळा या टेकडीच्या परिसरात काढला, असे मानले जाते. कौंटीच्या जन्माआधी पावणेदोनशे वर्षे येथे किमान दोन भाषांतून बोलणे चालू होते.

याच्या उलट दिशेने गेलेले एक नाव गेल्सव्हिलजवळच आहे. तेथील एका सुळक्याला डेकोरा म्हणतात. हे हो-चंकांच्या एका मोठ्या नायक-घराण्याचे नाव. ते अस्सल देशी वाटते. वस्तुतः ते साब्रव्वार द कारी या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावावरून आलेले आहे. त्याने हो-चंक स्त्रीशी विवाह केला होता, आणि त्याच्या वंशजांनी ते नाव आपले केले. फ्रेंच दिसणारे नाव अर्थाने हो-चंक निघावे आणि हो-चंक दिसणारे नाव मुळाने फ्रेंच निघावे, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा विषय नाही. त्या भूमीवर गोऱ्या शेतकऱ्याचा नांगर लागण्यापूर्वी विवाह, व्यापार, नायकत्व यांची एक घडी बसलेली होती, याचा तो पुरावा आहे. खोऱ्यांना तेथे आजही 'कूली' म्हणतात. हा शब्दही 'वाहणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आलेला आहे.

मोकळी जमीन ही टर्नर यांच्या सिद्धान्तातील मुख्य संज्ञा आहे. कर्टी यांनी सिद्धान्ताची कसोटी घेतली, पण ही संज्ञा कसोटीला लावली नाही. जमीन मोकळी होती की मोकळी केली गेली? १८३७ च्या सप्टेंबरात डकोटा लोकांशी आणि नोव्हेंबरात हो-चंक लोकांशी वॉशिंग्टन येथे करार झाले, आणि मिसिसिपीच्या पूर्वेकडील त्यांचे हक्क संपुष्टात आले. हो-चंक करारासंबंधी भाषाभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. जमीन सोडण्यास आठ वर्षांची मुदत आहे, असे सह्या करणाऱ्यांना समजले होते. करारात लिहिलेले होते आठ महिने. शिवाय भूमी देऊन टाकण्याचा अधिकार त्यांच्या रीतीनुसार सह्या करणाऱ्यांकडे नव्हता. पुढील चार दशकांत त्या लोकांना आयोवा, मिनेसोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का असे पुनःपुन्हा हलविण्यात आले. आणि ते पुनःपुन्हा परतले. ट्रेंपलोच्या शेजारील जॅक्सन कौंटीत त्यांच्या राष्ट्राचे मुख्य कार्यालय आज आहे. बाहेरच्यांनी दिलेले 'विनेबागो' हे नाव टाकून १९९४ मध्ये त्यांनी आपल्या संविधानात 'हो-चंक' हे स्वतःच्या भाषेतील नाव अधिकृत केले. त्या नावातील पहिल्या पदाचा अर्थच मुळी 'वाणी' असा आहे.

ज्या लोकशाहीची वाढ कोष्टकांतून मोजावयाची, तिचा पहिला दस्तऐवज तोंडी सांगितलेल्या 'वर्षां'चे कागदावर 'महिने' करणारा असेल, तर ती गोष्ट इतिहासाच्या प्रस्तावनेत ठेवून भागणार नाही. १८५० नंतरच्या गणतीत हो-चंकांचे स्थान शून्याजवळचे दिसते. पण हे शून्य मोजून आलेले नाही. मोजणी सुरू होण्यापूर्वीच ते तयार झालेले आहे.

५

आता कर्टी यांच्या पद्धतीच्या अंतर्भागाकडे येऊ. त्यांच्या निष्कर्षांतील सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे लोकांची अस्थिरता. एका शिरगणतीत ज्यांची नावे आहेत, त्यांतील मोठा भाग दहा वर्षांनंतरच्या शिरगणतीत सापडत नाही. याच निरीक्षणातून पुढे अमेरिकन सामाजिक इतिहासाची एक शाखाच वाढली. परंतु 'सापडत नाही' याचा अर्थ 'निघून गेला' असा घेण्यापूर्वी, सापडणे म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. सापडणे म्हणजे १८६० च्या पत्रकातील एक नाव १८७० च्या पत्रकातील एका नावाशी जुळणे. आणि कौंटीतील अनेकांची नावे ती लिहून घेणाऱ्याच्या भाषेतली नव्हती.

नॉर्वेजियनांचे उदाहरण घेऊ. पिजन फॉल्स, ब्लेअर, एट्रिक, स्ट्रम या बाजूला त्यांची दाट वस्ती झाली. नॉर्वेच्या खेड्यांतील माणसाला तीन नावे असत : स्वतःचे, बापाच्या नावावरून आलेले, आणि तो राहत असलेल्या शेतवाडीचे. ओले हान्सेन बाक्के म्हणजे हान्सचा मुलगा ओले, बाक्के नावाच्या वाडीवर राहणारा. तो दुसऱ्या वाडीवर राहावयास गेला, तर तिसरे नाव बदले. अमेरिकेत यांपैकी एकच आडनाव धरणे भाग होते, आणि कोणते धरावयाचे हे ठरण्यास कित्येकदा वर्षे लागली. एका दशकात ओले हान्सेन आणि दुसऱ्या दशकात ओले बाक्के, असे एकाच माणसाचे दोन झाले, तर कोष्टकात एक 'गेलेला' आणि एक 'नव्याने आलेला' वाढतो. आणि ओले हान्सेन ही नावे इतकी सार्वत्रिक की, उलट दोन वेगळ्या माणसांचा एकच 'टिकलेला' होण्याचा धोकाही तितकाच. स्त्रियांची स्थिती याहून बिकट : विवाहाबरोबर नाव बदलले की गणतीच्या दृष्टीने त्या नाहीशाच होत.

मराठी वाचकाला हे सहज कळण्यासारखे आहे. आपली 'कर'-प्रत्ययान्त आडनावे पाहावीत. चिपळुणात राहणाऱ्या माणसाला चिपळुणात कोणी चिपळूणकर म्हणून ओळखत नाही. गाव सोडल्यावर ते गाव नावाला चिकटते. नॉर्वेतील शेतवाडीचे नाव माणूस आज कोठे आहे ते सांगते. आपले 'कर' तो काल कोठे होता ते सांगते. विस्कॉन्सिनमध्ये पोहोचताच नॉर्वेजियन नावाचे कार्य आपल्या नावासारखे झाले : सोडलेल्या वाडीची ती खूण उरली. हे स्थित्यंतर वसाहतीच्या इतिहासातील एक प्रमुख घटना आहे. कारण 'आपण आता येथलेच' हे त्या माणसाने केव्हा मान्य केले, याची ती जवळजवळ तारीखच आहे. कोष्टकात मात्र ती जुळणीतील एक चूक म्हणून शिल्लक राहते.

पोलिश लोकांविषयी अडचण निराळी आहे. आर्केडिया व इंडिपेंडन्स यांच्या परिसरात आलेले पोलिश कुटुंबीय बव्हंशी वरच्या सायलीशियातून आले. हा प्रदेश तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता. आणि पोलंड या नावाचे स्वतंत्र राज्य १९१८ पर्यंत नकाशावर नव्हते. शिरगणतीचा रकाना जन्मदेश विचारी. पोलिश बोलणाऱ्याने खरे उत्तर दिले, तरी ते 'प्रशिया' असे नोंदले जाण्याचा संभव होता, आणि मग तो जर्मनांत मिसळला जाई. मातृभाषेचा प्रश्न अमेरिकेच्या शिरगणतीत १९१० पर्यंत आला नाही. भारतात १८८१ च्या शिरगणतीत तो होता. साम्राज्याला प्रजेच्या भाषा जाणून घ्याव्याशा वाटल्या आणि प्रजासत्ताकाला वाटल्या नाहीत, ही तुलना बोधप्रद आहे; तिच्यावरून कोणत्याही बाजूला शाबासकी देण्याचे मात्र कारण नाही.

आपल्या विश्लेषणात कर्टी यांनी परदेशी जन्मलेल्यांचे, इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून आलेले आणि अन्य, असे गट केले. या वर्गीकरणावरून त्यांना भाषेचे महत्त्व जाणवले होते, हे उघड आहे. परंतु 'इंग्रजी न बोलणारे' हे अभावाने केलेले वर्णन आहे. नॉर्वेजियन आपल्या लूथरन उपासनामंदिरात, पोलिश आपल्या कॅथलिक मंदिरात, जर्मन आपल्या शाळेत जे बोलत होते, ते त्यात केवळ नकाराने सूचित होते.

६

येथे एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. कर्टी ज्या विस्कॉन्सिन विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक होते, तेथेच त्या वर्षांत एइनार हाउगेन हे स्कॅन्डिनेव्हियन भाषांचे प्राध्यापक होते. त्यांचा 'द नॉर्वेजियन लँग्वेज इन अमेरिका' हा द्विखंडात्मक ग्रंथ १९५३ मध्ये, म्हणजे कर्टी यांच्या ग्रंथाच्या सहा वर्षे आधी प्रसिद्ध झाला. त्यांनी वसाहतींतून हिंडून वृद्धांचे बोलणे टिपले. कोणते इंग्रजी शब्द केव्हा व कोणत्या वळणाने नॉर्वेजियनमध्ये शिरले, बोलीबोलींतील भेद कसे झिजले, आडनावे कशी ठरली, याची त्यांनी बारकाईने मांडणी केली. उसनवारीतील आयात आणि प्रतियोजन यांचा त्यांनी केलेला विवेक भाषाशास्त्रात आजही वापरला जातो.

एकाच विद्यापीठाच्या दोन विभागांत एकाच मातीतील माणसांविषयी हे दोन महाग्रंथ सिद्ध झाले. एकाने माणसे मोजली, दुसऱ्याने ऐकली. शेतीची अवजारे, कर, निवडणूक, न्यायालय यांसंबंधीचे इंग्रजी शब्द नॉर्वेजियनमध्ये लवकर येतात. घरगुती व धार्मिक शब्द टिकतात. सार्वजनिक कारभारात परकी माणूस केव्हा व कितपत सहभागी झाला, या कर्टी यांच्याच प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे. पंचांच्या यादीत नॉर्वेजियन नाव केव्हा येते हे कोष्टक सांगते. परंतु त्या पंचाच्या मतदारांच्या घरात 'निवडणूक' हा शब्द कोणत्या भाषेत उच्चारला जात होता, हे शब्दसंग्रह सांगतो. दोहोंपैकी एकावर विसंबून लोकशाहीचे माप घेणे म्हणजे एका डोळ्याने अंतर अजमावणे होय.

कालमर्यादेचा मुद्दाही येथे निघतो. कर्टी यांची मूळ पत्रके १८८० च्या शिरगणतीपाशी थांबतात. १८९० ची हस्तलिखित पत्रके १९२१ च्या आगीनंतर बहुतांशी नष्ट झाली, तेव्हा यात त्यांचा दोष नाही. तथापि १८८९ मध्ये विस्कॉन्सिनने बेनेट कायदा करून शाळांत काही विषय इंग्रजीतूनच शिकविण्याची सक्ती केली. जर्मन व नॉर्वेजियन, लूथरन व कॅथलिक एकत्र आले. १८९० च्या निवडणुकीत सत्तारूढ पक्ष पराभूत झाला आणि १८९१ मध्ये कायदा रद्द झाला. १८४८ च्या राज्यघटनेने नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी गोऱ्या पुरुषांनाही मत दिले होते. त्या मताचा वापर आपली भाषा राखण्यासाठी करता येतो, हे त्या वर्षी दिसले. सीमान्तावर माणूस नवा होतो आणि जुने टाकून देतो, या सिद्धान्ताला याहून चांगली कसोटी कोणती? ती अभ्यासाच्या काठाबाहेर राहिली.

७

या विवेचनावर एक रास्त आक्षेप येईल. नावांच्या जुळणीतील चुका, वर्गीकरणातील संदिग्धता या गोष्टी संख्याशास्त्राला अपरिचित नाहीत. त्या एकमेकींना छेद देऊन निवळतात आणि मोठ्या बेरजेत त्यांचा प्रभाव राहत नाही, असे म्हणता येईल. चुका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या असत्या, तर हे म्हणणे मान्य करता आले असते. परंतु इंग्रजी नावे असलेल्या यांकी शेतकऱ्याचे नाव तीन दशके एकाच वर्णक्रमाने लिहिले जाते, आणि नॉर्वेजियन व पोलिश शेतकऱ्याचे दर दशकात बदलते. म्हणजे चूक विशिष्ट गटांकडे झुकलेली आहे. आणि कोण टिकला, कोण हलला, याची तुलना नेमकी त्याच गटांमध्ये करावयाची आहे. मापपट्टी ज्या बाजूला आखूड आहे, त्याच बाजूची लांबी मोजावयाची, असा हा पेच आहे.

यावरून कर्टी यांचे निष्कर्ष खोटे ठरतात, असे नव्हे. एवढेच ठरते की, ते शेवटचे पाऊल नसून पहिले आहे. पत्रकांतील नावे मंदिरांच्या बाप्तिस्मा-वह्यांशी, थडग्यांवरील लेखांशी, जमिनीच्या खतांशी आणि हाउगेन यांच्यासारख्या शब्दसंग्रहांशी ताडून पाहिली, तर टिकणे आणि निघून जाणे यांचे चित्र अधिक विश्वसनीय होईल.

८

हा विचार आपल्याकडे का करावयाचा, याचे उत्तर देऊन लेख संपवितो. महाराष्ट्रातही जिल्हे कायद्याने जन्मतात. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग, १९८२ मध्ये गडचिरोली, १९९८ मध्ये नंदुरबार, २०१४ मध्ये पालघर झाला. यांपैकी प्रत्येकाचा इतिहास आज ना उद्या लिहिला जाईल, आणि तो लिहिणारे आपल्या विभागांतील विद्यार्थीच असतील. त्यांच्यासमोर मतदारयाद्या असतील, सातबाराचे उतारे असतील, शिरगणतीची कोष्टके असतील. त्यांनी ती जरूर वापरावीत. कर्टी यांच्याकडून तो धडा घ्यावा. परंतु गडचिरोलीतील माडिया माणसाचे नाव मराठी तलाठ्याने कसे लिहिले, नंदुरबारातील भिली गावनावाचे कागदोपत्री काय झाले, पालघरमधील वारली पाड्याचे नाव महसुली गावाच्या नावाखाली केव्हा दडले, हे प्रश्न त्यांनी त्याच वेळी विचारावेत. राजवाडे यांनी गावांच्या नावांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याला दिली. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज टिकत नाहीत, पण त्या दृष्टीची गरज टिकून आहे. फरक एवढाच की, राजवाडे नावांतून संस्कृत मूळ शोधीत. आपण नावांतून ती लिहिणाराही शोधला पाहिजे.

ट्रेंपलो कौंटीची लोकसंख्या २०२० मध्ये ३०,७६० होती. त्याच शिरगणतीत आर्केडिया शहरातील निम्म्याहून अधिक रहिवासी लॅटिन अमेरिकी मुळाचे नोंदले गेले. फर्निचरच्या व इतर कारखान्यांतील कामासाठी आलेली ही कुटुंबे स्पॅनिश बोलतात, आणि स्पॅनिश रीतीप्रमाणे बापाचे व आईचे अशी दोन आडनावे लावतात. नोंद घेणाऱ्या कारकुनाच्या अर्जात आडनावाची चौकट बहुधा एकच असते. त्यांतील कोणते आडनाव आत जाते आणि कोणते बाहेर राहते, यावर पुढच्या पिढीतील इतिहासकाराला कोण 'टिकला' आणि कोण 'गेला' हे दिसणार आहे. कौंटीची स्थापना १८५४ मध्ये झाली हे खरे; पण नाव विचारणारा आणि नाव सांगणारा जेथे जेथे समोरासमोर येतात, तेथे ती अद्याप चालू आहे. तिचा अभ्यास करणाऱ्याने गणती शिकावी, आणि ऐकणेही शिकावे.